जिवाणूंना ताण कसा कळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्रावर मराठीतून बोलायला गेलं की प्रश्न साधारण तेच येतात. काही बीएस्सीच्या मुलामुलींचे, काही सोसायटीच्या टाकीवरून भांडून आलेल्या काकांचे, आणि बरेचसे थेट स्वयंपाकघरातले. ते इथे एकत्र केले आहेत. क्रम अभ्यासक्रमाचा नाही, आणि जिथे विषय रंगतो तिथे उत्तर लांबलं आहे. आजार-औषधांबद्दल जे लिहिलंय ते माहितीपुरतं. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

जिवाणूला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. मग त्याला ताण ‘कळतो’ म्हणजे काय होतं?

आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. लांबी जेमतेम दोन मायक्रोमीटर, जनुकं सुमारे ४,३००. बहुतेक वेळा तो बाहेरचं संकट मोजतच नाही. संकटामुळे आत जे बिघडतं ते मोजतो. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडली की ती मोडलेली प्रथिनं हीच खबर. उपासमारीत रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, अडकला की अडकलेला रायबोसोम हीच खबर. डीएनए तुटला, पेशीपटल ताणलं गेलं, तरी तसंच. एवढं डोक्यात बसलं की खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच देता येतील.

बाहेरची खबर घेण्याची सोयही आहे. त्यासाठी प्रथिनांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक प्रथिन सहसा पेशीपटलात बसलेलं असतं. बाहेरचा ठरावीक बदल जाणवला की ते स्वतःला फॉस्फेटचा गट लावून घेतं आणि तो आतल्या जोडीदाराकडे सोपवतं. जोडीदार डीएनएवर जाऊन काही जनुकं चालू करतो, काही बंद. ई. कोलायकडे अशा तीसेक जोड्या आहेत. प्राण्यांमध्ये ही पद्धत आढळत नाही, म्हणून नवी औषधं शोधणाऱ्यांचा यांच्यावर डोळा आहे.

उष्णता वाढली हे नेमकं कोण ओळखतं?

३७ अंश सेल्सिअसला मजेत वाढणारा ई. कोलाय ४२ अंशांवर नेला, की काही मिनिटांतच तो कोणती प्रथिनं बनवतो ते पार बदलून जातं. यामागे सिग्मा-३२ नावाचं प्रथिन आहे. आरएनए म्हणजे जनुकाची कामापुरती नक्कल; ती बनवणाऱ्या विकराने (एन्झाइमने) कुठल्या जनुकापासून काम सुरू करायचं हे सिग्मा प्रथिनं दाखवतात. ई. कोलायकडे अशी सात आहेत. त्यातलं हे उष्णतेच्या कामाचं.

सिग्मा-३२ एरवीही बनत असतं. पण डीएनएके नावाचं प्रथिन त्याला पकडून ठेवतं आणि प्रथिनं तोडणारं एक विकर त्याचा फडशा पाडतं. त्यामुळे त्याचं आयुष्य मिनिटभराचं. आता डीएनएकेचं मूळ काम वेगळंच आहे: उलगडलेल्या प्रथिनांना पुन्हा घडी घालायला मदत करणं. तापमान चढलं की उलगडलेली प्रथिनं ढिगाने तयार होतात, डीएनएके तिकडे गुंतून पडतं आणि सिग्मा-३२ मोकळं सुटतं. सुटल्यावर ते काय बनवून घेतं? आणखी डीएनएके, आणि घडी घालणारी तसलीच इतर प्रथिनं. पसारा आवरला की रिकामं झालेलं डीएनएके पुन्हा सिग्मा-३२ ला धरतं आणि सगळं पूर्ववत होतं. तापमापक कुठेच नाही, आणि तरी प्रतिसाद हवा तेवढाच आणि हवा तितका वेळच चालतो. सूक्ष्मजीवशास्त्रात मला याच्याइतकी देखणी गोष्ट क्वचितच दिसली आहे.

याला एक जोड आहे. सिग्मा-३२ चा संदेश वाहणारा आरएनए स्वतःवरच दुमडलेला असतो, त्यामुळे रायबोसोमला नीट बसायला जागा मिळत नाही. गरम झाल्यावर ती दुमड सैल पडते आणि प्रथिन भराभर बनू लागतं.

उष्णतेला पेशी असं उत्तर देते, हे आधी दिसलं ते जिवाणूत नव्हे. १९६२ मध्ये फेरुचिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाशीच्या गुणसूत्रांवर ते नोंदवलं. आपल्या पेशींमध्येही डीएनएकेची भावंडं आहेत.

मग दूध उकळलं की सगळं मरतं ना?

वाढीच्या अवस्थेतले जिवाणू मरतात. पाश्चरायझेशनमध्ये तर दूध ७२ अंशांवर फक्त १५ सेकंद ठेवतात आणि दुधातल्या रोगकारक जिवाणूंसाठी तेवढं पुरतं. वर सांगितलेला बचाव उभा करायला मिनिटं लागतात. इथे सेकंदांत कारभार आटोपतो. बीजाणू, म्हणजे काही जिवाणूंची अंग आखडून पडून राहिलेली अवस्था, मात्र उकळीलाही दाद देत नाहीत.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकला तर?

फोडणीच्या भाताशी माझं काही वैर नाही. वैर आहे ते रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्याशी, त्यातही मे महिन्यातल्या मुंबईत.

तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून बॅसिलस सेरियसचे बीजाणू येतात. भात शिजताना बाकीचे जिवाणू मरतात, बीजाणू टिकतात. वर त्या उष्णतेने त्यांना जागं व्हायला मदतच होते. भात कोमट झाला की ते रुजतात आणि समोर स्पर्धक कोणी नसतो. काही वाण सेरुलाइड नावाचं विष बनवतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं, तेव्हा मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीची काय कथा. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात.

उपाय साधा आहे. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर गार करायचा आणि तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवायचा. मग सकाळी खुशाल फोडणी द्या.

बीजाणू म्हणजे अंडं का? की बी?

दोन्ही नाही. संख्या वाढवण्याशी त्याचा संबंध नाही, कारण एका पेशीतून एकच बीजाणू तयार होतो. अन्न संपल्यावर अंग आखडून पडून राहण्याची ती रीत आहे, आणि ती मोजक्याच जिवाणूंना येते. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम हे त्यातले ओळखीचे.

बॅसिलस सबटिलिसमध्ये या कामाला सात-आठ तास लागतात. पेशी मध्यात न विभागता एका टोकाला विभागते. मोठा भाग लहान भागाला गिळून घेतो, त्याच्याभोवती थरावर थर चढवतो आणि शेवटी स्वतः फुटून मरतो. आत उरतो तो बीजाणू: पाणी अत्यंत कमी, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरपूर, चयापचय जवळजवळ बंद.

एकदा ठरावीक टप्पा ओलांडला की मागे फिरता येत नाही, म्हणून हा जिवाणू निर्णय शक्य तितका लांबवतो. कसा, ते ऐकून वर्गात नेहमी शांतता पसरते. उपासमारीची चाहूल ज्या पेशींना आधी लागते त्या विष सोडून शेजारच्या भावंडांना मारतात आणि त्यांच्या अवशेषांवर गुजराण करतात. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जिवाणूंच्या ‘सहकार्या’च्या गोड गोष्टी सांगणाऱ्यांनी हाही भाग सांगायला हवा.

बीजाणू खात्रीने मारायचे तर ऑटोक्लेव्ह: दाबाखालची वाफ, १२१ अंश, किमान १५ मिनिटं.

पहिल्या पावसाच्या वासाचा जिवाणूंशी संबंध आहे म्हणतात. खरं आहे का?

आहे. जूनमध्ये आरे किंवा बोरिवलीच्या जंगलाकडून येणाऱ्या त्या वासातला मातकट भाग जिओस्मिन या संयुगाचा असतो आणि ते प्रामुख्याने मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बनवतात. आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे, की पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याच्या एका भागाचे काही सहस्रांश असले तरी कळतं.

स्ट्रेप्टोमायसिस हे बनवतो तो पोषण संपत आल्यावर, स्वतःचे बीजाणू तयार करताना. २०२० मध्ये दिसून आलं, की त्या वासाने मातीतले स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव ओढले जातात, त्या जिवाणूवर ताव मारतात आणि बीजाणू इकडेतिकडे पसरवतात. म्हणजे कवींनी ज्याच्यावर इतकं लिहिलं तो मृद्गंध मुळात उपाशी जिवाणूने केलेली प्रवासाची सोय आहे.

फ्रीजमध्ये जिवाणू मरतात का?

नाही, मंदावतात. थंडीत पेशीपटलातले स्निग्ध पदार्थ घट्ट होतात, जसं जानेवारीत बाटलीतलं खोबरेल थिजतं आणि तिळाचं तेल पातळ राहतं. बॅसिलस सबटिलिसमधलं डेसके नावाचं प्रथिन पटलाचा हाच घट्टपणा ओळखतं आणि स्निग्धाम्लांमध्ये दुहेरी बंध घालणारं विकर बनवायला लावतं. पटल पुन्हा पातळ होतं. लिस्टेरिया हा रोगकारक जिवाणू तर ४ अंशांवरही सावकाश वाढत राहतो. म्हणून गर्भवतींना फ्रीजमध्ये बरेच दिवस पडलेलं तयार मांस किंवा कच्च्या दुधाचं मऊ चीज टाळायला सांगतात.

मिठाने लोणचं टिकतं, सुकट टिकते. मग मिठागरात जिवाणू असतातच कसे?

मीठ जिवाणूला थेट विष देत नाही. पाणी ओढून घेतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवतात तेव्हा ऊन आणि वारा तेच काम करतात. पाणी बाहेर गेलं की पेशी आक्रसते, आतली रसायनं दाट होतात आणि विकरं नीट चालत नाहीत. ई. कोलायचं पहिलं उत्तर म्हणजे पोटॅशियम भराभर आत ओढणं. मग तो प्रोलिन, ग्लायसीन बिटेन, ट्रेहॅलोज असे पदार्थ साठवतो. हे आत कितीही दाटले तरी प्रथिनांना त्रास देत नाहीत, आणि त्यांच्यामुळे पाणी आत टिकतं. भांडुप-वडाळ्याच्या मिठागरांत राहणारे सूक्ष्मजीव जन्मभर हेच करत असतात. त्यातले कित्येक जिवाणू नसून आर्किया या वेगळ्या गटातले असतात, ते असो.

मला याची उलट बाजू जास्त आवडते. समजा, मातीतला जिवाणू असा आत मालमसाला भरून बसला आहे आणि मुंबईची पहिली सर कोसळली. बाहेर एकदम गोडं पाणी. ते झपाट्याने आत घुसतं आणि पेशी टरारून फुगते. इथे जनुकं चालू करायला वेळच नसतो. जे करायचं ते सेकंदाच्या अंशात. पेशीपटलात एमएससीएल आणि एमएससीएस नावाच्या वाहिन्या बसलेल्या असतात. पटल ताणलं गेलं की त्याच ताणाने त्यांचं तोंड उघडतं. एमएससीएलचं भोक सुमारे तीन नॅनोमीटर रुंद होतं, म्हणजे रेणूंच्या मापाने प्रचंड. साठवलेला माल बाहेर फेकला जातो, दाब उतरतो, वाहिनी मिटते. या दोन्ही वाहिन्या काढून टाकलेला ई. कोलाय खारट पाण्यातून एकदम साध्या पाण्यात टाकला की फुटून मरतो. खबर देणारा आणि उपाय करणारा इथे एकच आहे.

पाणीपुरीतल्या चिंचेने जिवाणू मरतात असं आमचे पाणीपुरीवाले भैया सांगतात.

भैयांनी पाणी कुठलं वापरलं ते आधी विचारा. चिंचेचा कोळ चांगला आंबट असतो, पण पाण्यात तो पातळ होतो. आणि आंबटपणाची सवय आपल्या पोटातल्या जिवाणूंना नव्याने लावायला नको. जठरातलं आम्ल चिंचेपेक्षा कितीतरी कडक, तरी ई. कोलायचे अनेक वाण त्यात तासन् तास तग धरतात. ग्लुटामेट या अमिनो आम्लाचं रूपांतर करताना ते एकेक हायड्रोजन आयन खर्ची टाकतात, आणि आत आलेलं आम्ल असं कमी होत जातं.

शिगेला नावाचा जिवाणू या बाबतीत इतका पक्का, की दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी हगवण लागू शकते. कॉलऱ्याचा जिवाणू मात्र आम्लाला नाजूक. निरोगी माणसाला आजारी पाडायला तो कोट्यवधींनी पोटात जावा लागतो. पण सोड्याने जठराचं आम्ल मारलेलं असेल तर काही हजारही पुरतात. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी उघड्यावरचं खाताना हे लक्षात ठेवावं.

आणखी एक: आधी सौम्य आंबटात राहून आलेला जिवाणू नंतर कडक आम्ल जास्त चांगलं सोसतो. म्हणजे चिंचेचं पाणी कधीकधी त्याला तयारीच करून देत असेल.

मुंबईच्या इतिहासातला प्लेग या विषयात का येतो?

कारण तिथे जिवाणू स्वतःची पडझड न मोजता तापमान वाचतो, आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते त्याला कळतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर जिवाणूशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकीन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. लसीसाठी ते जिवाणू मांसाच्या रश्श्यात वाढवत आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. त्या थेंबांखाली जिवाणूंचे झुपके लोंबकळत वाढत. मग उष्णता देऊन ते मारत.

आता प्लेगच्या जिवाणूच्या, म्हणजे यर्सिनिया पेस्टिसच्या, बाजूने पाहू. त्याचा मुक्काम दोन ठिकाणी: पिसवेच्या पोटात आणि उंदराच्या किंवा माणसाच्या अंगात. पिसू असते आजूबाजूच्या हवेइतकी गार, २५-२६ अंशांच्या आसपास. अंग ३७ अंश किंवा वर. पिसवेत असताना जिवाणू चिकट थर तयार करतो आणि तिच्या पोटाचं तोंड बुजवून टाकतो. उपाशी पिसू पुन्हापुन्हा चावते, रक्त आत जात नाही, आणि परत फिरणाऱ्या रक्ताबरोबर जिवाणू माणसात शिरतो. तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की हे बुजणं घडत नाही.

अंगात शिरला की ३७ अंश. एलसीआरएफ नावाच्या नियंत्रक प्रथिनाचा आरएनए गारव्यात दुमडलेला असतो. त्या दुमडीत युरॅसिल हे आरएनएचं अक्षर चारदा ओळीने येतं आणि तिची पकड मुळातच कच्ची. ३७ अंशांना ती सुटते, प्रथिन बनतं, आणि जिवाणू आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये विषारी प्रथिनं टोचणारी यंत्रणा उभी करतो. अंगावर वेगळा एक लेपही चढवतो, ज्यामुळे त्या पेशींना तो गिळणं अवघड जातं.

सिग्मा-३२ च्या आरएनएची युक्तीही दुमडीचीच होती. पण तिथे वाढलेलं तापमान म्हणजे संकट होतं, इथे तो पत्ता आहे. ई. कोलायही असे अंदाज बांधतो. बाहेरून माणसाच्या तोंडात गेलं की आधी ऊब लागते, मग आतड्यात ऑक्सिजन संपतो. २००८ च्या प्रयोगांत दिसलं, की नुसती ऊब मिळताच तो ऑक्सिजनवर चालणारी जनुकं आवरती घेतो.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, त्याचंही असंच आहे का?

बरंचसं. त्याचा जिवाणू लेप्टोस्पायरा उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि जखमेतून किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीतून आत शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईने याची मोठी साथ पाहिली. रस्त्यावरच्या पाण्यात क्षार नगण्य, आपल्या रक्तात कितीतरी जास्त. क्षारांची ही चढ लेप्टोस्पायराला जाणवते आणि आपल्या ऊतींना चिकटायला मदत करणारी लिग प्रथिनं तो बनवू लागतो.

पाण्यातून चालत घरी आला असाल तर पाय साबणाने धुवा, आणि जखम असेल तर डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन कोणाला द्यायचं आणि किती, हे ते ठरवतील.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. मग जिवाणू उरतात कसे?

मुंबईला सात तलावांचं पाणी येतं आणि शुद्धीकरणात क्लोरीन मिसळलेला असतो. नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरावा असं भारतीय मानक सांगतं. क्लोरीन प्रथिनांची घडी विस्कटतो. ई. कोलायचं एचएसपी-३३ हे प्रथिन क्लोरीन लागला की स्वतःच थोडं उलगडतं आणि त्या उलगडण्यानेच कामाला लागतं: विस्कटलेल्या प्रथिनांचा गोळा होऊ देत नाही. मिशिगन विद्यापीठात २००८ मध्ये हे दाखवलं गेलं. आपल्या पांढऱ्या पेशीही जिवाणूंवर असंच क्लोरीनयुक्त आम्ल सोडतात, त्यामुळे ही तालीम जिवाणूंना पूर्वापार आहे.

खरी अडचण मात्र थरांची. पाइपाच्या आतल्या बाजूला आणि गच्चीवरच्या टाकीत जिवाणू चिकट थर धरून राहतात. क्लोरीन वरच्यावरच खर्च होतो. टाकी वेळेवर घासून घेण्यावरून सोसायटीत वाद घालणारे काका बरोबर आहेत.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये ‘जिवाणू आढळले नाहीत’ असं आलं म्हणजे नाहीतच?

नेहमीच्या चाचणीत जिवाणू वाढवून मोजतात. १९८२ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने दाखवलं, की थंड, उपाशी पाण्यात कॉलऱ्याचा जिवाणू जिवंत राहतो, पण ताटलीवर वाढायचं नाकारतो. अशा पाण्यात तो बारीक जलचरांना चिकटून असतो. म्हणून बांगलादेशात जुनी साडी निदान चार पदरी करून पाणी गाळलं, तेव्हा कॉलऱ्याच्या केसेस ४८ टक्क्यांनी घटल्या. २००३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजी नळाला फडकं बांधायची ते उगाच नव्हे. पण तिचं एक पदरी होतं, आणि नंतर उकळणं सुटत नाही.

उपाशी जिवाणू काय करतो?

अमिनो आम्लं संपली की प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमकडे ती आम्लं वाहून आणणारे टीआरएनए रिकामेच येऊ लागतात. रेलए प्रथिन तिथेच टेहळणी करत असतं. रिकामा टीआरएनए दिसताच ते पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू बनवतं. मायकल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना १९६९ मध्ये तो पहिल्यांदा दिसला आणि त्यांनी त्याला ‘जादूचा ठिपका’ म्हटलं. त्याची मात्रा वाढली की नवे रायबोसोम बनणं थांबतं, वाढ थांबते, आणि शक्ती अमिनो आम्लं तयार करण्याकडे वळते.

बरं वाटल्यावर गोळ्या बंद केल्या तर काय बिघडतं?

आजारावर अवलंबून आहे. काही आजारांत आता कमी दिवसांचे कोर्स देतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. टीबीत मात्र बिलकूल तडजोड नाही; साध्या टीबीलाही सहसा सहा महिने लागतात, त्याचं कारण ऐका.

बहुतेक प्रतिजैविकं चालू कामावर घाव घालतात: भिंत बांधणं, प्रथिन बनवणं, डीएनएची नक्कल. काम बंद ठेवून पडलेल्या जिवाणूला ती फारसं काही करू शकत नाहीत. १९४४ मध्ये जोसेफ बिगर यांनी पाहिलं, की पेनिसिलिन कितीही दिलं तरी दहा लाखांत एखादा स्टॅफिलोकॉकस उरतोच. त्याची पिल्लावळ पुन्हा पेनिसिलिनने मरते, म्हणजे तो प्रतिरोधी नव्हता. नुसता निपचित होता. टीबीचा जिवाणू फुप्फुसातल्या गाठींमध्ये ऑक्सिजन कमी झाला की डीओएसआर या नियंत्रकाच्या हुकमाने असाच मंदावतो. या नियंत्रकाचं दुसरं नाव डीईव्हीआर. दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या गटाने त्यावर पायाभूत काम केलं. ताप उतरतो, वजन वाढतं, पण हे निपचित पडलेले अजून आत असतात.

दुसरा धोका अर्धवट मात्रेचा. सिप्रोफ्लोक्सासिन घ्या. त्याने डीएनए तुटतो. तुटलेल्या एकेरी धाग्यावर रेकए प्रथिन चढतं, त्यामुळे लेक्सए नावाचा पहारेकरी स्वतःलाच कापून घेतो, आणि तोवर दाबून ठेवलेली चाळीसहून अधिक जनुकं चालू होतात. याला एसओएस प्रतिसाद म्हणतात. आधी नीट दुरुस्ती होते. तेवढ्याने भागलं नाही तर शेवटी असं विकर येतं जे चुका करत का होईना, नक्कल पुढे रेटतं. मात्रा पुरेशी असेल तर जिवाणू तोवर मेलेला असतो. अपुरी असेल तर तो जगतो, आणि डीएनएत नवे बदल घेऊन जगतो. २००५ च्या उंदरांवरच्या प्रयोगांत लेक्सए कापलं जाणं रोखलं, तेव्हा जिवाणूंना सिप्रोफ्लोक्सासिनचा प्रतिरोध कमावता आला नाही.

म्हणजे जिवाणू हवे ते बदल मुद्दाम घडवतात?

नाही. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्येच दाखवलं, की बदल गरज पाहून होत नाहीत. ताणाखाली चुकांचं प्रमाण वाढतं. कुठली चूक कामी येईल हे त्याला ठाऊक नसतं.

किरणोत्सर्गात जगणारा जिवाणू खरंच आहे?

आहे: डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. अमेरिकेत ओरेगनमध्ये गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मांसाचा डबा तरीही खराब झाला, त्यातून १९५६ मध्ये हा निघाला. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. पाच ग्रे मात्रेने माणूस दगावू शकतो. हा पाच हजार ग्रे पचवतो. डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते पुन्हा जुळवतो.

पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या एवढी किरणं कुठेच नाहीत, मग ही ताकद आली कुठून? सगळ्यात पटणारं उत्तर असं, की ती कोरडेपणासाठी आली. वाळताना डीएनए असाच तुटतो. जिवाणूला तुटलेला डीएनए कळतो. तो कशाने तुटला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुरुस्तीइतकंच दुरुस्ती करणारी प्रथिनं शाबूत राहणंही महत्त्वाचं, आणि तिथे त्याच्या पेशीतलं मँगनीज कामी येतं.

आपल्या तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात याच्यावर बरीच वर्षं काम चालू आहे. तिथल्या गटाने त्यात दुसऱ्या जिवाणूचं जनुक घालून पाण्यातलं युरेनियम साक्याच्या रूपात वेगळं करून दाखवलं. तिथलंच आयसोमेड केंद्र १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करतं. त्याची नेहमीची मात्रा २५ हजार ग्रे.

जिवाणू एकमेकांना सावध करतात का?

रेणू सोडून गर्दी किती हे ओळखतात, आणि गर्दी पुरेशी झाली की थर धरणं, विष सोडणं अशी कामं एकत्र सुरू करतात. त्याला ‘सावध करणं’ म्हणायचं का, यावर मी सावध आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल असं काही?

ई. कोलायचा के-१२ हा निरुपद्रवी वाण घ्या आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. ३७ अंशांवर वाढवलेलं ताजं कल्चर तीन नळ्यांत विभागा. पहिली नळी वीस मिनिटं ४२ अंशांवर, बाकीच्या दोन ३७ वरच. मग पहिली आणि दुसरी ५० ते ५५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये टाका. बाथ ज्या तापमानाला स्थिर राहील ते निवडा, कारण एका अंशानेही निकाल हलतो. दर पाच मिनिटांनी थोडं थोडं काढून सलाइनमध्ये पातळ करत न्या, न्यूट्रिअंट अगारवर पसरवा आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजा. आधी ४२ अंश सोसून आलेल्या नळीतले जास्त जगलेले दिसतील. तिसरी नळी शेवटपर्यंत ३७ वर ठेवून तिच्याही ताटल्या करा. व्हायव्हात पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.